उजव्या गुडघ्याचे जळीत आणि रजकणांची स्वारी

श्री. ज्याने सूक्ष्माहून सूक्ष्म घडविले आणि त्यास थोरांच्या पोटात शिरण्याची बुद्धी दिली, त्यास प्रथम नमन. ऐकणारे मोठे, मजकूर लहान, इतका की डोळ्यांस दिसत नाही. तरी जे घडले ते घडले तैसेच लिहिले आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास ते फाल्गुन, इतक्या अवधीत उजव्या गुडघ्याचे प्रांती सात वर्षांचे जळीत विझले, ते कोणी केले, कसे विझले, आणि श्रेय कोणी खाल्ले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

एक दोन पायांचे राज्य होते. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतके सांगणे पुरे की राज्य म्हणजे टपाल वाटणाऱ्या एका गृहस्थांचे शरीर, वय वर्षे त्रेपन्न, आणि ते गृहस्थ स्वतःच राज्याचे स्वामी. स्वामी मस्तकी वास करीत. खालच्या प्रांतांत काय चालले आहे ते त्यांस दुखले म्हणजेच कळे, आणि दुखले म्हणजे ते "आई गं" ऐसा हुकूम काढीत, ज्याची अंमलबजावणी कोणत्याही खात्याकडे सोपविलेली नव्हती. या राज्यात उजवा गुडघा म्हणोन एक प्रांत. वरून मांडीच्या हाडाचे घराणे, खालून नडगीच्या हाडाचे घराणे, दोन्ही थोर, दोन्ही पांढरी, दोन्ही ताठ, आणि एकमेकांस टेकली तर दोघांचाही भुगा व्हावा ऐसा संबंध. यास्तव मूळ पुरुषांनी दोहोंच्या मध्ये मऊ कूर्चेची एक गादी अंथरून ठेविली, आणि तिची मिरास गादीकर घराण्यास वंशपरंपरेने दिली. या घराण्याची कर्ती बाई म्हणजे दर्याबाई गादीकर. गादी गुळगुळीत राखावी, वंगण घालावे, आणि वरच्याचे वजन खालच्यास न दुखविता पोचवावे, हे तिचे काम. स्वामी दिवसास चारशे पायऱ्या चढत आणि तितक्याच उतरत, आणि दर पायरीस अर्धे राज्य दर्याबाईच्या पाठीवरून जाई, आणि तिने कधी हूं की चूं केले नाही. त्याबद्दल कोणी तिला बरे म्हटल्याचाही कागद सापडत नाही.

ऐसे असता सात वर्षांमागे घशाच्या खिंडीतून खरा शत्रू राज्यात शिरला. मग राज्याचे लष्कर उठले. या लष्करात भक्षे म्हणोन सरदारांचे एक कूळ, त्यांची रीत ऐसी की अनोळखी दिसेल त्यास प्रथम गिळावे आणि मग चौकशी करावी. चौकशीच्या वेळी उत्तर देणारा कोणी उरत नसे, म्हणोन त्यांच्या हातून चूक जाहल्याची एकही नोंद नाही, आणि यालाच लष्करात अचूकपणा म्हणत. शत्रूच्या अंगी शेला होता, त्यास डाव्या बाजूस तीन पीळ. भक्ष्यांनी ते तीन पीळ ध्यानी धरिले आणि पाच दिवसांत शत्रू समूळ खाऊन टाकिला, आणि मग विजयाच्या भरात कायमचा हुकूम निघाला, की ज्याच्या शेल्यास डाव्या बाजूस तीन पीळ तो शत्रू जाणावा. इतके उत्तम जाहले. पुढचे असे, की गादीकरांच्या घरचा शेलाही पिढ्यान्‌पिढ्या डाव्या बाजूस तीन पिळांचाच होता. तो त्यांनी शत्रूचे पाहून घेतला नव्हता, आणि शत्रूनेही त्यांचे पाहून घेतला नव्हता. दोघांस तो आवडला, इतकेच.

मग एके दिवशी सरलष्कर निंबाजीराव भक्षे दहा हजार लोक घेऊन गुडघ्यावर आले. निंबाजीराव अंगाने गोल, बोलण्यात त्याहून गोल, कोठून धरावे ते कळत नसे. दर्याबाई दारात उभी राहोन बोलिली, "निंबाजीराव, तुमचे आजे या प्रांतात पहाऱ्यास होते तेव्हापासून आमचे घर येथे आहे. तुम्ही मला ओळखता." निंबाजीराव म्हणाले, "ओळखत असेन, बाई. पण तोंड पाहण्याचा हुकूम नाही. शेला पाहण्याचा आहे." ती म्हणाली, "मग शत्रू कोठे आहे तो दाखवा." ते म्हणाले, "दिसत नाही. यावरून तो किती कावेबाज आहे ते ध्यानी घ्यावे." ती म्हणाली, "बरे, मी शेला उजवीकडून पिळते. मग तर जाल." तेव्हा निंबाजीराव गंभीर जाहले आणि म्हणाले, "तसे करू नका. वेष पालटणे हा तर शत्रूचाच स्वभाव." आणि इतके बोलोन त्यांनी आग लाविली. मग प्रांत लाल जाहला, तापला, फुगला आणि ठणकू लागला, आणि गादीचा पहिला पदर जळाला, आणि वर मस्तकी स्वामींनी "आई गं" म्हटले, आणि ते नेहमीप्रमाणे कोणाकडेच गेले नाही.

आग विझली असती, परंतु राज्यात सिदोपंत हाकारे म्हणोन चिटणीस होते. यांचे काम हाकेची पत्रे लिहिणे. पत्रात एकच ओळ, की शत्रू आला आहे, निघावे. आणि खाली रिवाज लिहिलेला, की ज्यास पत्र पोचेल त्याने दोघांस धाडावे. त्याप्रमाणे एकाचे दोन, दोनांचे चार, ऐसे करीत साऱ्या राज्यातून फौजा गुडघ्यावर लोटल्या. आलेल्या फौजेस शत्रू सापडेना, म्हणोन तिने उलट लिहिले की शत्रू सापडत नाही, कुमक पाठवावी. कुमक आली, तिलाही सापडेना, तिनेही तसेच लिहिले. दर्याबाई पंतांच्या दफ्तरी गेली आणि म्हणाली, "पंत, तुम्ही ज्याच्यावर फौजा धाडता तो मेला." पंत म्हणाले, "मेल्याचे पत्र आमच्याकडे आले नाही." "मी सांगते आहे ना." "तोंडी सांगता. त्यात आपला शेला हा असा. आपली साक्ष कशी धरावी?" मग तिने रीतसर अर्ज लिहिला. तो अर्ज शत्रूचे हस्ताक्षर म्हणोन जमा जाहला, आणि त्यावरून शत्रूस लिहिता येते हे सिद्ध जाहले, आणि लिहिता येणारा शत्रू अधिक भयंकर म्हणोन आणखी वीस हजार लोक आले. दर्याबाईने सात वर्षांत अकरा अर्ज लिहिले. प्रत्येक अर्जानंतर गादी थोडी अधिक जळाली. तिने बारावा लिहिला नाही, तो भीतीने नव्हे. लिहिण्यास बसावे इतकी जागा उरली नव्हती.

स्वामींनी आपल्या परीने उपाय केले. तप्त पाण्याची थैली ठेविली. खालच्या मजल्यावरील प्रमिलाताई निर्गुडीचे तेल घेऊन आल्या, ते चोळिले. तेल कातडीच्या वेशीवरच थांबले आणि तेथेच सुवास देत बसले. मग एका हकिमाने मोठ्या गुंगीच्या गोळ्या दिल्या. त्यांचा गुण ऐसा, की साऱ्या राज्याचे लष्कर एकदम निजले. गुडघ्यावर आग थांबली खरी, आणि दर्याबाईस वाटले आता निभावले. पण छातीच्या गडावरही पहारा निजला होता, आणि त्याच आठवड्यात तेथे खरा शत्रू शिडी लावून चढला, आणि स्वामी तेरा दिवस अंथरुणास खिळले. मग गुंगी बंद करावी लागली. लष्कर जागे जाहले, डोळे चोळिले, आणि तडक गुडघ्यावर गेले. छातीवर गेले नाही. गुडघा त्यांच्या अंगवळणी पडला होता.

मग क्रोधी संवत्सरी मार्गशीर्ष शुद्ध पक्षी हकिमांनी आरपार दिसणाऱ्या किरणांनी गुडघ्याचे चित्र काढविले, आणि चित्र पाहून म्हणाले की गादी तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे, तीही विझल्यास टिकेल, न विझल्यास नाही. माघ वद्य पंचमीपर्यंत वाट पाहू. तोवर सूज न उतरल्यास सारा प्रांत कापून काढावा, आणि तेथे पोलादाचे संस्थान बसवावे. ही बातमी कानाच्या वाटेने खाली उतरली आणि गादीकरांच्या घरी पोचली. दर्याबाईचे दीर मुधोजी म्हणाले, "वहिनी, पोलादास जळण्याचे भय नाही. राज्याचे तरी बरे होईल." दर्याबाई म्हणाली, "भावोजी, राज्याचे बरेच होईल, आणि मी नाही म्हणत नाही. ज्याचे जळून संपले त्याने पोलाद बसवावे आणि सुखाने चालावे. पण आपले अजून संपले नाही. जाळणारा जागेवर राहील, पत्रे लिहिणारा जागेवर राहील, आणि जिचे जळाले तिला काढून टाकतील. हा न्याय मला कोणी समजावून द्यावा."  लिहिणारासही तो समजावता येत नाही.

त्याच सुमारास नदीपलीकडे एक विद्याशाळा होती, तेथे काही हकीम उरफाटा विचार करीत. त्यांचे म्हणणे, की भक्षे सरदार जन्मतः दुष्ट नव्हेत. प्रत्येकाच्या आत एक कळ आहे, ती एकीकडे फिरली की तो जाळतो, आणि दुसरीकडे फिरली की तोच पडझड बांधून काढतो. बाहेरून कितीही ओरडले तरी ती फिरत नाही. आतून हात लागला पाहिजे. यास्तव त्यांनी रजकण घडविले, इतके सूक्ष्म, की एका केसाच्या रुंदीवर आठशे रांगेने उभे राहावे, आणि प्रत्येकाच्या पोटात शांततेच्या औषधाचा एक थेंब ठेविला. मसलत ऐसी, की भक्ष्यांनी सवयीप्रमाणे अनोळखी म्हणोन ते गिळावे, पोटात ते विरघळावे, आणि कळ फिरावी. राज्याचे बाकीचे लष्कर जागेच राहावे. स्वामींनी या प्रयोगास आपले नाव दिले आणि सात पानांवर सह्या केल्या. वाचले एकही नाही.

पहिली स्वारी दंडाच्या शिरेतून निघाली. रजकण कोटींच्या संख्येने रक्ताच्या नदीत उतरले आणि गुडघ्याकडे चालले. पण वाटेत यकृताची चौकी, तेथील नाकेदार बाबाजीपंत पित्ते, कर्तव्यास कडक. त्यांनी पाहिले की लहान माणसे मोठ्या संख्येने जात आहेत आणि कोणाच्याही हाती परवाना नाही. "कोठे निघाला?" "गुडघ्यावर." "काय कामास?" "कोणीतरी आम्हास खावे म्हणोन." बाबाजीपंतांनी चाकरीत पुष्कळ सबबी ऐकिल्या होत्या, ही नव्हती. त्यांनी शंभरातले नव्वद तेथेच अडकविले. उरल्यांपैकी बहुतेक प्लीहेच्या चौकीने धरिले. यकृत मूळचेच शांत, ते अधिक शांत जाहले, आणि गुडघ्यावर जे मोजके पोचले ते इतके थोडे, की निंबाजीरावांस ढेकरही आली नाही. पौष सुरू जाहला. आग तशीच.

मग हकिमांनी दोन गोष्टी बदलिल्या. एक, शिरेतून न धाडता सुई थेट गुडघ्यात टोचावी. दुसरी, रजकणांस पाण्यासारखा झुळझुळीत अंगरखा घालावा, म्हणजे पहारेकऱ्यांस ते घरचेच वाटतील आणि वाटेत कोणी धरणार नाही. यातील पहिली शहाणपणाची. दुसरीचा विचार त्यांनी यकृताच्या रागात केला होता. पौष वद्य द्वितीयेस सुई टोचिली, आणि रजकण कोटी कोटी दर्याबाईच्या अंगणात उतरले, आणि अंगरखा इतका उत्तम निघाला, की भक्ष्यांस ते घरचेच वाटले. घरच्यांस कोण खातो? निंबाजीरावांचे शिपाई त्यांच्या अंगावरून चालत गेले, एकाने तर "जरा सरका" म्हटले, आणि पुढे जाऊन आग लाविली. ऐसे पंधरा दिवस गेले. रजकण अंगणात अदबीने उभे. पंचमीस अठरा दिवस उरले.

दर्याबाई सोळाव्या दिवशी बाहेर आली. पुढच्या रजकणास विचारिले, "आपण कोण, आणि माझ्या दारात काय करता?" तो म्हणाला, "बाईसाहेब, मी अनुक्रमांक चार कोटी सतरा." "शिपाई का?" "नव्हे. आम्ही खाद्य." दर्याबाईने त्यास नीट पाहिले. मग म्हणाली, "मग असे उभे का?" चार कोटी सतरा म्हणाला, "कोणी खात नाही. पंधरा दिवस जाहले. खरे सांगायचे तर मनास लागते." ती म्हणाली, "तुम्हास खाल्ल्याने काय होते?" त्याने हकिमांची सारी मसलत सांगितली, कळीची, थेंबाची, फिरण्याची. दर्याबाई ऐकत गेली आणि तिचा चेहरा गुडघ्याहून लाल होत गेला. ती म्हणाली, "थांबा जरा. सात वर्षे मी त्या माणसास हेच सांगते आहे, की शत्रू नाही, जाळू नका, बांधा. अकरा अर्ज. तुम्ही निराळे काय सांगणार?" "काहीच नाही, बाईसाहेब. आपण बाहेरून सांगितले." "म्हणजे त्याने ऐकावे म्हणोन मी त्याच्या पोटात जायला हवे होते?" चार कोटी सतरा अदबीने म्हणाला, "आपले काही लोक गेले आहेत की. पण त्यांच्याजवळ थेंब नव्हता."

 यावर दर्याबाई घरात गेली आणि घराण्याचे सारे शेले बाहेर आणिले, आणि बायकांस आणि बाप्यांस ओटीवर बसविले, आणि म्हणाली, "उसवा." मुधोजी धावत आले. "वहिनी, हे काय चालले आहे?" "भावोजी, यांना कपडे करते आहे. एका धाग्यात दहा हजार नेसतील. डाव्या बाजूस, तीन पीळ, नीट दिसतील ऐसे." मुधोजींच्या ध्यानी आले. "अहो, आपल्याच दारात आपण शत्रूची फौज उभी करता? ते लोक पिसाळतील. गिळून काही जाहले नाही तर उरलेला दाणाही जाळतील. पंचमीची वाट पाहावी लागणार नाही." दर्याबाई म्हणाली, "शत्रू नसताना सात वर्षे घर जळाले. आता असून निराळे काय होईल ते पाहू. आणि ज्या शेल्यापायी मला खाल्ले, त्या शेल्यापायी एकदा त्यांनी माझ्या कामाचे काही खावे, इतकी तरी मला मुभा द्या." मुधोजींनी मग सुई हाती घेतली. आठ दिवस सारे घर बसले होते. कोटी कोटी रजकणांस तीन पिळांचे शेले चढले. चार कोटी सतरास जरा आखूड जाहला, पण तो म्हणाला की फार वेळ घालायचा नाही, चालेल.

नवव्या दिवशी सकाळी निंबाजीराव फेरीस निघाले, वळणावर आले, आणि उभे राहिले. सात वर्षे ज्यास शोधिले तो शत्रू समोर अंगणभर उभा होता, रांगेने, हात जोडून. निंबाजीरावांच्या डोळ्यांस पाणी आले. ते म्हणाले, "मी म्हणत होतो." मग सारे लष्कर तुटून पडले आणि जे गिळणे सुरू जाहले ते वर्णन करवत नाही. एकेका सरदाराने हजार हजार गिळिले. निंबाजीरावांनी अकराशे गिळिले, त्यांत चार कोटी सतराही गेला. जाताना त्याने दर्याबाईस रामराम केला आणि चेहऱ्यावर समाधान होते. दर्याबाई दारात उभी होती. मागे तांदळाच्या दाण्याएवढी गादी, पुढे पिसाळलेली फौज, आणि हातात उसवलेल्या शेल्याचा काठ. पहिला दिवस गेला, आणि आग वाढली. दुसरा गेला, आणि आग तितकीच.  तिसऱ्या दिवशी निंबाजीराव मशाल घेऊन दाराशी आले, आणि मशाल उंच केली, आणि मग तिच्याकडे ऐसे पाहू लागले की हे काय आहे आणि मी हे का धरिले आहे. मग त्यांनी ती पाण्यात बुडविली, आणि कमरेची तलवार सोडून ठेविली, आणि एका शिपायास म्हणाले, "थापी आहे का कोणाकडे?"

मग त्यांनी भिंती पाहिल्या, जळके खांब पाहिले, गादीच्या जागी उरलेली राख पाहिली, आणि भयंकर संतापले. "बाई, हे कोणी केले?" दर्याबाई म्हणाली, "काय म्हणालात?" "हे जळीत. सात वर्षांचे दिसते. इतके होईपर्यंत लष्कर काय करीत होते? मला नाव सांगा त्या हरामखोराचे." दर्याबाईने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या तोंडी पुष्कळ आले, तितके लिहिल्यास कागद पुरणार नाही, आणि काही लिहिण्याजोगे नाही. ती इतकेच म्हणाली, "नाव माहीत आहे. तुम्ही आधी तो खांब धरा, नाहीतर पडेल." निंबाजीरावांनी खांब धरिला. ते मनापासून काम करीत होते, हेच तिला सर्वांत असह्य जाहले. शत्रू म्हणोन आलेल्यावर चिडता येते. मदतीस आलेल्यावर कोणत्या तोंडाने चिडावे, आणि न चिडावे तर सात वर्षांचे काय करावे, याचा रिवाज राज्यात नव्हता.

आठवड्यात लाली गेली, मग ताप गेला, मग सूज उतरली, आणि शेवटी ठणका गेला. माघ वद्य चतुर्थीस हकिमांनी चित्र पुन्हा काढविले. गादी तितकीच होती, दाण्याएवढी, वाढली नव्हती, पण कमीही जाहली नव्हती, आणि भोवती आग नव्हती. त्यांनी पंचमीची तारीख खोडली. त्याच आठवड्यात घशाच्या खिंडीत पडशाचा खरा शत्रू आला होता, आणि तेथील पहाऱ्याने त्यास तीन दिवसांत पिटाळिले, यावरून बाकीचे लष्कर जागे होते हे सर्वांस कळले. मग श्रेयाची वाटणी जाहली. सिदोपंतांनी साऱ्या राज्यात पत्र धाडिले, की सात वर्षांचे युद्ध संपून शत्रूची प्रचंड फौज उजव्या गुडघ्यावर गारद जाहली, निंबाजीरावांचा जयजयकार असो. ज्यास पत्र पोचेल त्याने दोघांस धाडावे. विद्याशाळेच्या हकिमांनी अंगरख्याचे फार कौतुक केले, की उशिरा का होईना पण तो लागू पडला. स्वामी तीन मजले न थांबता चढोन गेले आणि प्रमिलाताईंस म्हणाले, "ताई, तेलाचा गुण मानला." गादीकरांचे नाव कोठेही आले नाही. उलट पंतांचा माणूस दर्याबाईकडे येऊन विचारू लागला, की सरलष्करांच्या मिरवणुकीस आपण ओवाळण्यास येता का, कारण विजय आपल्या दारी जाहला. दर्याबाई म्हणाली, "पंतांस सांगा, शत्रू ओवाळीत नसतो." त्याने ते लिहून घेतले.

दर्याबाई मिरवणुकीस गेली नाही, निंबाजीरावांकडे गेली. म्हणाली, "मला मान नको. तो कायमचा हुकूम फाडा. तीन पिळांचा." निंबाजीराव आता सौम्य जाहले होते, त्यांनी वही काढिली, पान शोधिले, आणि फार ओशाळले. "बाई, फाडता येत नाही. या वहीत एकदा लिहिले ते राज्य असेपर्यंत राहते. खरा शत्रू पुन्हा आला तर त्यास कसे ओळखावे?" "मग मला कसे ओळखाल?" निंबाजीरावांनी विचार केला. मग बोरू घेतला आणि हुकुमाच्या खाली, समासात, बारीक अक्षराने लिहिले: उजव्या गुडघ्यावरील गादीकर घराणे खेरीजकरून. त्या वहीत समासात कोणी लिहिल्याचे त्यांस ठाऊक नव्हते. दर्याबाईने ते दोनदा वाचिले. अक्षर वाईट होते. पण होते.

परंतु लष्कर कायमचे नसते. हाडांच्या पोकळीत दर दिवशी नवे शिपाई जन्मतात, त्यांनी रजकण गिळिलेले नसतात, आणि पाठ केलेला असतो तो हुकूम. फाल्गुन शुद्ध दशमीस ऐसा एक नवा भक्षे गुडघ्यावर आला, तलवार उपसलेली, अंगात नवा जोम. दर्याबाई दारात उभी होती आणि तिने शेला नेसला होता, उसवून राहिलेल्या धाग्यांचा, डाव्या बाजूस, तीन पीळ. मुधोजी मागून म्हणाले, "वहिनी, निदान आज तरी उजवीकडून." तिने ऐकिले नाही. शिपायाने शेला पाहिला, निंबाजीरावांच्या वहीची नक्कल उघडली, हुकूम मोठ्याने वाचला, "डाव्या बाजूस तीन पीळ तो शत्रू जाणावा," आणि वही मिटून तलवार वर केली. दर्याबाई म्हणाली, "खाली वाच." तो म्हणाला, "वाचला की हुकूम." ती म्हणाली, "संपला नाही. समासात आहे. बारीक आहे, उजेडाकडे धर." तो थबकला. मग त्याने तलवार काखेत धरिली, आणि वही उजेडाकडे केली, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला, आणि ती तेथेच उभी राहिली, तो 'खेरीजकरून' पर्यंत पोचेतो.

तात्पर्य इतके. राज्य चालते आहे, टपाल वाटते आहे, पोलादाचे संस्थान तूर्त आले नाही. रजकण विरघळले, त्यांचे मागे कोणी नाही. जळाली गादी ती परत आली नाही, कारण तिचा थेंब कोणत्याही रजकणाच्या पोटात नव्हता. चूक जाहल्याची नोंद लष्करात आजही एक नाही. समासातील ओळ आहे, आणि ती प्रत्येक नव्या शिपायास दर्याबाईस स्वतः दाखवावी लागते. हे लिहिणे समाप्त. संताप समाप्त नाही.